पावसाचा खंड, शेंगा धरणारं सोयाबीन आणि संजीवकाची फवारणी : एका शेताचं प्रकरण

पार्श्वभूमी

सहा हेक्टर कोरडवाहू सोयाबीन. त्यातलं चार हेक्टर भारी जमिनीत रुंद वरंबा-सरीवर, उरलेलं दोन हेक्टर उताराच्या हलक्या जमिनीत सपाट पेरलेलं. भारी तुकड्यात माती मीटरभर खोल, हलक्यात जेमतेम ३५ सेंटिमीटर आणि खाली मुरूम. वाण एकच, पेरणी एकाच आठवड्यातली, खतंही सारखीच. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत आणि शेताचे आकडे ढोबळ केले आहेत.

पीक फुलोऱ्यातून शेंगा धरण्याकडे, म्हणजे आर२ मधून आर३ अवस्थेत जात असताना पावसाने ओढ दिली. शेवटचा कामाचा पाऊस झाला तो दिवस शून्य धरला, तर नवव्या दिवशी शेतव्यवस्थापकाने सल्लागाराला शेतावर बोलावलं. अंदाज आणखी आठ-दहा दिवस कोरड्याचा होता. शेततळ्यात साधारण ६०० घनमीटर पाणी उरलं होतं. सल्लागार येण्याआधी, सहाव्या दिवशी, हलक्या तुकड्यातल्या पाऊण हेक्टरवर एक ‘टॉनिक’ फवारून झालं होतं. डब्यावर बारीक अक्षरांत घटक होता पेरं लांबवणारं संप्रेरक (झाडाच्या वाढीचा रासायनिक संदेश), जिबरेलिक अ‍ॅसिड.

व्यवस्थापकाचा प्रश्न सरळ होता : ताण सोसावा म्हणून उरलेल्या शेतावर कोणतं संजीवक (पिकाची वाढ कमी-जास्त करणारं रसायन) मारायचं?

आधी पाण्याचा हिशोब

कोणतंही संजीवक जमिनीत थेंबभर पाणी वाढवत नाही. आहे ते पाणी पीक किती वेगाने आणि कशावर खर्च करतं, एवढंच त्याने बदलतं. त्यामुळे सल्लागाराने डब्यांकडे न बघता आधी शिल्लक काढली.

भारी जमिनीत पिकाला मिळू शकणारं पाणी दर मीटर खोलीला सुमारे १५० मिलिमीटर धरलं. या अवस्थेत कामाची मुळं ६० सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे एकूण साठा ९० मिलिमीटर. सोयाबीन त्यातलं अर्धं पाणी विनातक्रार उचलतं, पुढचं अर्धं ओढताना ताण सुरू होतो. संदर्भ बाष्पोत्सर्जन (हवामानावरून काढलेला पाण्याचा मूळ खर्च) दिवसाला ५ मिलिमीटर आणि भर वाढीतल्या सोयाबीनचा पीक गुणांक (त्या खर्चाला पिकानुसार गुणायचा आकडा) १.१५, म्हणून रोजचा खर्च ५.७५ मिलिमीटर. बिनताणाचे ४५ मिलिमीटर आठव्या दिवशी संपतात. हलक्या जमिनीत मीटरला १०० मिलिमीटर धरले तरी ३५ सेंटिमीटरमध्ये साठा ३५ मिलिमीटरच. त्याचा बिनताणाचा अर्धा भाग तिसऱ्या दिवशीच संपला होता.

म्हणजे नवव्या दिवशी एकाच शेतात दोन वेगळे रुग्ण होते. भारी तुकडा नुकताच ताणात शिरत होता, हलका तुकडा आठवडाभर ताणात होता. एकाच फवाऱ्याचा दोन्हीकडे सारखा परिणाम होईल, ही अपेक्षा इथेच सोडून द्यावी लागली.

कागदावरचा हिशोब शेतात पडताळला तो दोन प्रकारे. दुपारी दीड वाजता इन्फ्रारेड थर्मामीटरने पानांचं तापमान घेतलं. भरपूर पाणी मिळणाऱ्या पिकाचं पान कोरड्या हवेत आजूबाजूच्या हवेपेक्षा काही अंशांनी थंड असतं, कारण रंध्रांतून, म्हणजे पानावरच्या सूक्ष्म छिद्रांतून, निघणारी वाफ त्याला गार ठेवते. भारी तुकड्यात पान हवेहून जेमतेम एक अंश थंड, हलक्यात तीन अंश गरम. दुसरी चाचणी पानातल्या सापेक्ष पाण्याची. वरून तिसऱ्या पूर्ण उघडलेल्या पानातून एक सेंटिमीटर व्यासाच्या वीस चकत्या कापायच्या, लगेच वजन करायचं, चार तास ऊर्ध्वपातित पाण्यात मंद प्रकाशात तरंगत ठेवायच्या, टिपकागदाने पुसून पुन्हा वजन, मग ७० अंशांवर वाळवून तिसरं वजन. ताज्या वजनातून कोरडं वजा करायचं, फुगलेल्या वजनातूनही कोरडं वजा करायचं, आणि पहिल्याला दुसऱ्याने भागून शंभराने गुणायचं. भारी तुकड्यात ताजं २४०, फुगलेलं २९०, कोरडं ६५ मिलिग्रॅम : ७८ टक्के. हलक्यात २००, २८५ आणि ६८ : ६१ टक्के. ही चाचणी फसते ती वजनकाट्यामुळे. मिलिग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर ती करूच नये. चकत्या कापून पिशवीत ठेवल्या आणि तासाभराने तोलल्या तरीही उत्तर चुकतं.

काही गोष्टींना उपकरण लागतच नव्हतं. हलक्या तुकड्यात दुपारी पानं उलटून पांढुरकी पाठ दाखवत होती आणि लांबून सगळा पट्टा रुपेरी दिसत होता. उन्हाचा मारा कमी घेण्याची सोयाबीनची ही स्वतःची युक्ती आहे. संध्याकाळी पानं सरळ झाली तर अजून जीव आहे. पहाटेही ती लोंबतच असतील तर मुळांना रात्रीतही पाणी मिळालेलं नाही. इथे हलक्या तुकड्याच्या वरच्या टोकाला पहाटेही पानं लोंबलेली होती.

पिकाने स्वतःहून काय केलं होतं

फवारणीचे पर्याय तोलण्याआधी झाडाच्या आत काय सुरू आहे ते समजून घ्यावं लागतं, नाहीतर झाड एका दिशेने ओढतं आणि आपण उलट दिशेने.

माती सुकू लागली की मुळांत आणि पानांत ताणाचं संप्रेरक अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड वाढतं. ते कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांपासून बनतं, आणि किती बनणार हे मुख्यतः एनसीईडी नावाच्या विकरावर (पेशीतली रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनावर) ठरतं. त्याचा संदेश पेशीत कसा वाचला जातो, हे कोडं २००९ मध्ये त्याचे ग्राहक (संदेश टिपणारी प्रथिनं) सापडल्यावर सुटलं. एरवी पीपी२सी गटातली विकरं एसएनआरके२ या गटाला दाबून ठेवतात. अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड ग्राहकाला चिकटलं की ग्राहक पीपी२सीलाच अडकवून ठेवतो, एसएनआरके२ मोकळं होतं आणि पर्णरंध्राच्या रक्षक पेशींमधले ऋणभारित आयनांचे मार्ग उघडतं. आयन बाहेर, त्यामागे पोटॅशियम बाहेर, त्यामागे पाणी बाहेर. रक्षक पेशी ढिल्या पडतात आणि रंध्र मिटतं. हे सगळं काही मिनिटांत होतं.

पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही. साखर कमी बनते, आणि नेमक्या त्याच वेळी कोवळ्या शेंगांना साखर हवी असते. ताणात शेंगांमध्येही अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड साचतं आणि शेंगगळ वाढते. झाडाच्या दृष्टीने हा सौदा शहाणपणाचा आहे : थोड्या शेंगा टाकून उरलेल्या भरायच्या. शेतकऱ्याला तो महागात पडतो.

जमिनीखाली मात्र हेच संप्रेरक उपकारक आहे. सुकत्या मातीत ते मुळांमधलं इथिलीन, म्हणजे वाढ अडवणारं वायुरूप संप्रेरक, काबूत ठेवतं आणि शेंड्यांची वाढ थांबली तरी मूळ खाली सरकत राहतं. दुसरीकडे पानं हिरवी ठेवणारं सायटोकायनिन कमी होतं, त्यामुळे जुनी पानं लवकर पिवळी पडतात. जिबरेलिनही (टॉनिकमधला घटक याच गटातला) कमी होतं आणि पेरं आखूड राहतात. ताणातलं झाड खुजं दिसतं ते आजारी आहे म्हणून नव्हे, खर्च कमी करायला म्हणून. त्याला त्या वेळी ‘वाढीचं’ काही देणं म्हणजे ब्रेक दाबलेल्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबणं.

तोललेले पर्याय

जिबरेलिक अ‍ॅसिडचं टॉनिक उरलेल्या शेतावरही मारावं, असा व्यवस्थापकाचा मूळ बेत होता. तो लगेच बाजूला पडला. पेरं लांबतात, पानांचं क्षेत्र वाढतं, म्हणजे पाणी उडून जायला जागा वाढते. फवारलेल्या पाऊण हेक्टरवर तीनच दिवसांत शेंड्याची पेरं शेजारच्या ओळींपेक्षा लांब दिसत होती, आणि दुपारी पहिल्यांदा माना टाकत होती तीच झाडं.

अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिडच बाहेरून द्यावं का? तर्काला पटणारा पर्याय. त्याचं एस रूप व्यापारी प्रमाणात बनतं आणि द्राक्षाला रंग येण्यासाठी वापरलंही जातं. पण शेतावर दोन अडचणी. प्रकाशातल्या अतिनील किरणांनी ते मोडतं आणि पानातली विकरंही त्याला झपाट्याने निकामी करतात, त्यामुळे परिणाम काही दिवसांचा. दुसरी अडचण जास्त मोठी : पीक ते स्वतःच भरपूर बनवत होतं. रंध्रं आधीच मिटायला लागलेल्या, शेंगा धरणाऱ्या पिकावर आणखी अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिड म्हणजे साखरेचा तुटवडा वाढवणं. रोपवाटिकेतली रोपं वाहतुकीत तगवायला हा उपाय शोभतो, तिथे शेंगा धरायच्या नसतात. त्याच ग्राहकाला चिकटणारे पण न मोडणारे कृत्रिम रेणू प्रयोगशाळांनी बनवले आहेत. ते पाठपंपात यायला अजून अवकाश आहे.

सायटोकायनिन, म्हणजे बेन्झिलअ‍ॅडेनाइन २५ पीपीएम (लिटरला २५ मिलिग्रॅम) : पानं हिरवी राहतात, शेंगांकडे अन्न ओढलं जातं. पण ते रंध्रं उघडी ठेवण्याकडे झुकतं. पाणी नसताना नको, पाणी आल्यावर विचार करू, असं ठरलं.

क्लोरमेक्वॅट किंवा पॅक्लोब्युट्राझोल हे वाढरोधक जिबरेलिन बनणं रोखतात. पॅक्लोब्युट्राझोल तर अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिडचं विघटनही मंदावतं, म्हणून कागदावर ते ताणासाठी उत्तम दिसतं. पण त्याची वेळ फुलोऱ्यापूर्वीची आहे, आणि पॅक्लोब्युट्राझोल जमिनीत दीर्घकाळ टिकून पुढच्या पिकाला खुजं करू शकतं. लेबलवर पिकाचं नाव नसेल तर प्रश्नच मिटतो.

केओलिन ५ ते ६ टक्के हे संप्रेरक नाही, पण स्पर्धेत होतं. पांढरा थर ऊन परतवतो आणि पान थंड राहतं. हेक्टरी २५ ते ३० किलो भुकटी सतत ढवळत फवारावी लागते, नाहीतर ती टाकीच्या तळाशी बसते. शेतावरच्या फवारणी यंत्रात ढवळणी नव्हती, म्हणून हा पर्याय गळला.

सॅलिसिलिक अ‍ॅसिड १०० पीपीएम आणि पोटॅशियम नायट्रेट १ टक्का ही जोडी उरली. सॅलिसिलिक अ‍ॅसिड कमी मात्रेत पेशींची ऑक्सिडीकरणरोधक विकरं जागी करतं. रंध्रं मिटून उन्हाचा मारा चालूच राहिला की हरितलवकांत घातक ऑक्सिजन रेणू साचतात, त्यांना हे आवरतं. रंध्रंही थोडी आवळतं, पण अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिडइतकी नव्हे. पोटॅशियम रक्षक पेशींना आणि एकूणच पेशींतलं पाणी धरून ठेवायला लागतं, आणि सुक्या मातीतून ते मुळांपर्यंत पोचत नाही. या जोडीकडून अपेक्षा माफक होती : भारी तुकड्यातली पानं काही दिवस जास्त टिकावीत.

आणि तळ्यातलं पाणी. ६०० घनमीटर सहा हेक्टरवर पसरलं तर १० मिलिमीटर, म्हणजे दीड-दोन दिवसांचा खर्च. ते सगळीकडे वाटण्यात अर्थ नव्हता.

पहिला कठीण निर्णय : पाणी कोणाला

व्यवस्थापकाचा ओढा हलक्या तुकड्याकडे होता, कारण तो डोळ्यांदेखत वाळत होता. सल्लागाराचा कौल उलट पडला. हलकी जमीन एका वेळी ३५ मिलिमीटरपेक्षा जास्त धरूच शकत नाही. तिला पूर्ण भरलं तरी पाच-सहा दिवस निघतात आणि पाऊस आठ-दहा दिवस लांब. म्हणजे पीक वाचवून पुन्हा वाळवायचं. भारी तुकड्यात दिलेलं पाणी मात्र शिलकीत भर घालणार होतं आणि पाऊस येईपर्यंतचं अंतर भरून काढणार होतं.

भारी तुकडा वरंबा-सरीवर असल्याचा फायदा इथे झाला. दोन हेक्टरवर एकाआड एक सरीत पाणी सोडायचं ठरलं : सरासरी २४ मिलिमीटर, एकूण ४८० घनमीटर. बाकीचं पाणी वाटेतल्या गळतीला आणि फवारणीला. एकाआड सरीमागे पाणीबचत तर आहेच, पण संप्रेरकांचाही हिशोब आहे. कोरड्या सरीकडची मुळं अ‍ॅबसिसिक अ‍ॅसिडचा संदेश वर पाठवत राहतात, रंध्रं अर्धवट मिटलेली राहतात आणि ओल्या सरीकडची मुळं पिकाला पाणी पाजतात. पानाला तहान न लागता काटकसर होते. द्राक्षबागांमध्ये ही पद्धत मुद्दाम वापरली जाते. तिथे दर दहा-पंधरा दिवसांनी कोरडी आणि ओली बाजू बदलतात, कारण फार सुकलेल्या मुळांतून रस वर चढत नाही आणि संदेशही थांबतो. या शेतात पाणी एकदाच होतं, बाजू बदलण्याची सोय नव्हती. त्यामुळे संप्रेरकांचा फायदा थोडा आणि पाणीबचतीचा जास्त, असंच धरलं.

उरलेल्या दोन हेक्टर भारी जमिनीवर फवारणी, मध्ये सहा ओळींचा पट्टा फक्त साध्या पाण्याने फवारलेला. हलक्या तुकड्यात टॉनिक न मारलेल्या सव्वा हेक्टरपैकी निम्म्यावर तीच फवारणी आणि निम्मं तसंच. व्यवस्थापकाला पट्टे कोरे सोडणं मनापासून रुचलं नाही. पण कोरा पट्टा नसेल तर पुढे जे काही दिसेल त्याचं श्रेय किंवा दोष नेहमी डब्यालाच जातो.

प्रत्यक्ष कृती, आणि कुठे अडलं

दहाव्या दिवशी सकाळी पाणी सोडलं. पहिल्या तीन सऱ्यांमध्ये ते वीस-पंचवीस मीटरपुढे गेलंच नाही. भारी जमिनीला बोटभर रुंद भेगा पडल्या होत्या आणि पाणी थेट मुळांच्या खाली जात होतं. पाणी बंद करून सऱ्यांच्या तळाशी हातकोळपं चालवलं, दोन-तीन इंच माती मोकळी करून भेगा बुजवल्या, मग पाणी शेवटापर्यंत पोचलं. वरंब्यावर कोळपणी मुद्दाम टाळली. या अवस्थेत वरची मुळं तुटली आणि फुलं झडली तर मिळवलेलं तिथेच जातं.

फवारणीचं द्रावण हेक्टरी ५०० लिटर, त्यात सॅलिसिलिक अ‍ॅसिड ५० ग्रॅम आणि पोटॅशियम नायट्रेट ५ किलो. सॅलिसिलिक अ‍ॅसिडची पूड थंड पाण्यात जवळपास विरघळतच नाही, लिटरला दोन ग्रॅमच्या आसपास. म्हणून ती आधी २५० मिलिलिटर इथाइल अल्कोहोलमध्ये विरघळवून घेतली. पहिल्या टाकीच्या वेळी मजुराने हे द्रावण दहा लिटरच्या बादलीत ओतलं. ५० ग्रॅम दहा लिटरमध्ये म्हणजे लिटरला पाच ग्रॅम. बघता बघता बादलीत पांढऱ्या सुया तयार झाल्या आणि गाळणी चोंदली. बादली गरम पाण्याने पुन्हा विरघळवून घ्यावी लागली. बरोबर क्रम असा : टाकी अर्धी भरायची, ढवळत ढवळत अल्कोहोलचं द्रावण बारीक धारेने थेट टाकीत, मग वेगळ्या बादलीत विरघळवलेलं पोटॅशियम नायट्रेट, शेवटी टाकी पूर्ण. पाण्यात लोह जास्त असेल तर द्रावण जांभळट होतं. तसं झालं तर पाणी बदलावं. तांब्याच्या बुरशीनाशकात हे मिसळू नये.

फवारणी दहाव्या दिवशी संध्याकाळी पाचनंतर. दुपारी पान गरम असतं, थेंब लगेच सुकतो, क्षार पानावर राहतात आणि कडा करपतात. १ टक्क्याऐवजी २ टक्के पोटॅशियम नायट्रेट घ्यावं असा एक सूर निघाला होता. ताणलेल्या पानावर तो धोका घेतला नाही. सॅलिसिलिक अ‍ॅसिडच्या बाबतीतही ‘थोडं जास्त’ ही सवय घातक आहे. मात्रा काही पट वाढली की तेच रसायन पेशींत ऑक्सिडीकरणाचा ताण निर्माण करतं.

दुसरा कठीण निर्णय : पाऊस आल्यानंतर

अठराव्या दिवशी चांगला पाऊस झाला. विसाव्या दिवशी व्यवस्थापकाचा फोन : फवारलेल्या तुकड्यात खालची पानं पिवळी पडून गळताहेत, बारीक शेंगाही पडल्या आहेत, औषधाने पीक जळलं.

कोऱ्या पट्ट्याचा उपयोग इथे झाला. साध्या पाण्याच्या सहा ओळींमध्येही तशीच गळ होती, किंबहुना थोडी जास्तच. कारण पावसातच होतं. ताणात मुळांमध्ये एसीसी हे इथिलीनचं पूर्वद्रव्य साचतं. मुळं सुकी असेपर्यंत ते तिथेच पडून राहतं. पाणी मिळताच रसाबरोबर वर चढतं आणि पानांत ऑक्सिजनच्या साहाय्याने त्याचं इथिलीन होतं. देठाच्या तळाशी तुटण्याचा थर तयार होतो आणि पान गळतं. लिंबूवर्गीय रोपांवर हे प्रयोगांत स्पष्ट दिसलेलं आहे : पान गळतं ते कोरड्यात नव्हे, पाणी दिल्यावर.

घाबरून दुसरं काही फवारण्याचा मोह टाळला. आधी सऱ्यांच्या तोंडाशी साचलेलं पाणी काढून दिलं, कारण तुंबलेल्या मुळांतून आणखी एसीसी वर जातं. एकविसाव्या दिवशी २ टक्के युरिया, म्हणजे ५०० लिटरला १० किलो, कमी बाययुरेटचा (बाययुरेट म्हणजे युरियातलं पान करपवणारं अशुद्ध द्रव्य). सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींमधलं नत्र स्थिरीकरण (हवेतलं नत्र पकडणं) प्रकाशसंश्लेषणाच्याही आधी ताणाला बळी पडतं, आणि पाऊस आल्यावर गाठी पुन्हा कामाला लागायला दिवस जातात. दाणे भरण्याची वेळ जवळ होती, मधल्या दिवसांची नत्राची उणीव पानातून भरून काढायची होती. बेन्झिलअ‍ॅडेनाइन २५ पीपीएम फक्त चार ओळींवर मारलं. ५०० लिटरला ते साडेबारा ग्रॅम लागतं आणि आधी थोड्या सौम्य पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात विरघळवावं लागतं.

निकाल

काढणीला पाणी दिलेले दोन हेक्टर स्पष्टपणे पुढे होते. झाडामागे शेंगा जास्त आणि वरच्या शेंगांतही दाणे भरलेले. फवारलेले पण पाणी न दिलेले दोन हेक्टर त्यांच्या बरेच मागे, पण कोऱ्या पट्ट्याच्या थोडे पुढे. फरक मुख्यतः मधल्या पेरांवरच्या शेंगांत दिसला, आणि ती पानंही आठवडाभर जास्त हिरवी राहिली होती. सहा ओळींच्या एका पट्ट्यावरून याहून ठाम बोलता येत नाही.

हलक्या तुकड्यात फवारलेला आणि न फवारलेला भाग शेजारी उभे करून दाखवले तरी ओळखू आले नसते. दोन्हीकडे पापडी, म्हणजे दाणे न भरलेल्या, शेंगांचं प्रमाण मोठं. फवारणीच्या वेळी तिथे वाचवायला पाणीच उरलं नव्हतं, पानं उलटलेली होती, आणि सुकलेल्या पानात थेंबातलं द्रव्य आत शिरतही नाही. टॉनिक मारलेला पाऊण हेक्टर सगळ्यात मागे राहिला. लांबलेली पेरं पावसानंतरच्या वाऱ्यात आडवी झाली, ते वेगळंच. बेन्झिलअ‍ॅडेनाइनच्या चार ओळींत डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता.

पुन्हा अशी वेळ आली तर

नववा दिवस उशिराचा होता, हे या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं निरीक्षण. भारी जमिनीचा बिनताणाचा साठा आठव्या दिवशी संपणार हे पाऊस थांबला त्याच दिवशी काढता आलं असतं. फवारणी सहाव्या-सातव्या दिवशी, पान हवेपेक्षा दोन अंश तरी थंड असताना, व्हायला हवी होती. हलक्या जमिनीसाठी तो दिवस दुसरा-तिसरा. म्हणजे पावसाचा अंदाज आणि मातीची खोली हातात घेऊन तुकड्यागणिक तारीख आधीच ठरवावी लागते. ‘पीक सुकायला लागलं की फवारू’ या धोरणात फवारा कायमच उशिरा पोचतो.

भेगा पडण्यापूर्वी, चौथ्या-पाचव्या दिवशीच, सऱ्यांत कोळपं फिरवलं असतं तर पहिल्या तीन सऱ्यांचं पाणी वाया गेलं नसतं. पाणी दोन हप्त्यांत, दुसऱ्या वेळी कोरड्या सऱ्यांमधून दिलं असतं तर बाजू बदलण्याचा संप्रेरकी फायदाही घेता आला असता. त्यासाठी तळ्यात साठा जास्त हवा, किंवा क्षेत्र दोनऐवजी एक हेक्टर. आमच्या मते एक हेक्टर नीट वाचवणं बरं.

हलक्या तुकड्यासाठी खंड सुरू झाल्यावर करण्यासारखं फारसं काही नव्हतं, जे करायचं ते पेरणीआधी. तिथे कमी मुदतीचं वाण घेऊन फुलोरा खंडाच्या नेहमीच्या काळाआधी उरकणं हा एक मार्ग. दुसरा म्हणजे एसीसी डिअमिनेज विकर असलेल्या जिवाणूंची बीजप्रक्रिया. हे जिवाणू मुळांभोवतीचं एसीसी खाऊन टाकतात, त्यामुळे ताणात मुळांची वाढ इथिलीनने अडत नाही आणि पावसानंतरची गळही कमी व्हायला मदत होते. बियाण्याला रायझोबियमच्या (गाठींमध्ये नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्या) आधी बुरशीनाशक, मग सावलीत सुकवून जिवाणू, आणि पेरणी त्याच दिवशी. बुरशीनाशक आणि जिवाणू एकत्र कालवले तर जिवाणू मरतात आणि पाकिटाचा दोष नसताना पाकिटावर खापर फुटतं. याही वेळी सहा ओळी बिनप्रक्रियेच्या पेरून खुंटी मारून ठेवाव्यात, आणि खुंटीवर तारीख ऑइलपेंटने लिहावी. खडूने लिहिलेली पहिल्या पावसात धुऊन जाते.